पीएसएफ पुन्हा पुन्हा चोक होतो, आउटलेटला तेल दहाच्या वर: दोष कुठे शोधायचा

बॅकवॉश (खालून उलटं पाणी सोडून वाळू धुणं) केला की दोन दिवस बरं चालतं. तिसऱ्या दिवशी प्रेशर सँड फिल्टरचं, म्हणजे पीएसएफचं, इनलेट प्रेशर चढतं, फ्लो निम्म्यावर येतो आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये ऑइल अँड ग्रीस लिटरला १४, १८, कधी २५ मिलिग्रॅम. वाळू बदलली, पुढच्या फिल्टरमधला कार्बन बदलला, एक रिपोर्ट स्वच्छ आला आणि पुढच्या महिन्यात परत तेच. मरोळ, साकीनाका, कुर्ला, भांडुप इथल्या इंजिनिअरिंग गाळ्यांतल्या छोट्या ईटीपींचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) हे नेहमीचं दुखणं आहे. वाळू बदलून ते जात नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा फिल्टरच्या आधी झालेला असतो. फिल्टर फक्त तो दाखवतो.

खालचे हिशेब रोज २० हजार लिटर पाणी आणि ६०० मिमी व्यासाचं पीएसएफ धरून केले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर त्याच प्रमाणात बदलून घ्या.

आधी काचेची बरणी

कलेक्शन टँकमधून एक लिटर पाणी पारदर्शक काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास हात न लावता ठेवा. वर तेलाचा थर आला आणि खालचं पाणी निवळलं, तर तेल मोकळं आहे, ऑइल ट्रॅप (तेल वर तरंगू देऊन वेगळं करणारी टाकी) नीट चालला तर तिथेच सुटेल. अर्ध्या तासानंतरही पाणी ताकासारखं पांढुरकं राहिलं, मागे मोबाइलचा टॉर्च धरल्यावर प्रकाश धुक्यातून आल्यासारखा पसरला, तर तेल इमल्शनमध्ये आहे, म्हणजे बारीक थेंबांनी पाण्यात मिसळून राहिलं आहे. असं पाणी कितीही चांगल्या वाळूतून सोडा, तेल पलीकडे जाणारच.

कारण थेंबाच्या आकारात आहे. तेलाचा थेंब पाण्यात वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. १५० मायक्रॉनचा थेंब, तेलाची घनता ०.९ धरली तर, तासाला साधारण ४.४ मीटर चढतो. एक मीटर खोल ट्रॅपमध्ये त्याला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. थेंब १५ मायक्रॉनचा झाला की वेग शंभरपट कमी, तासाला साडेचार सेंटीमीटरही नाही. तेच एक मीटर चढायला त्याला जवळजवळ पूर्ण दिवस हवा. अर्ध्या तासाच्या ट्रॅपमधून तो सरळ पुढे जातो. वाळूच्या दोन कणांमधली फट त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे काही थेंब कणांना चिकटतात आणि बाकीचे पार होतात. चिकटलेले चोकिंग करतात, पार झालेले रिपोर्टमध्ये दिसतात. दोन्ही तक्रारी एकाच वेळी येतात त्या यामुळे.

गेज काय सांगतो

इनलेट आणि आउटलेट, दोन्ही गेज चालू हवेत. बऱ्याच ठिकाणी आउटलेटचा गेज बंद पडलेला किंवा काढलेलाच असतो, तो आधी बसवा. स्वच्छ वाळूत दोन्हींतला फरक ०.२ ते ०.३ किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) असतो आणि ०.५ ते ०.८ च्या दरम्यान बॅकवॉश घेतात. बॅकवॉशनंतर लगेच फरक किती राहिला, तो आकडा आठवडाभर वहीत लिहा.

तो दर वेळी ०.३ वर परत येत असेल आणि फक्त लवकर चढत असेल, तर सेटलिंग टँकमधून फ्लॉक (केमिकलने गोळा झालेल्या मळाचे पुंजके) वाहून येतोय. तिथला गाळ काढणं आणि पॉलीचा (फ्लॉक मोठा करणाऱ्या पॉलिइलेक्ट्रोलाइटचा) डोस बघणं हे काम. बॅकवॉशनंतरही फरक ०.५ वरच अडकून राहत असेल, तर वाळूला तेल धरलं आहे. आणि फरक अगदी कमी, पण आउटलेटला तेल जास्त, अशी स्थिती असेल तर चॅनलिंग झालंय, म्हणजे तेलकट गोळ्यांच्या मधून पाण्याने स्वतःची वाट काढली आहे. हा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण ऑपरेटरला प्लांट मस्त चाललेला दिसतो.

खात्रीसाठी फिल्टर बंद करा, प्रेशर पूर्ण सोडा, वरचं मॅनहोल उघडा आणि एक वीत खालची मूठभर वाळू काढून दाबा. चांगली वाळू ओली असली तरी मूठ उघडल्यावर विसकटते. तेल धरलेली वाळू लाडवासारखी वळते आणि बोटांच्या रेषांत काळपट चकाकी राहते. तीच वाळू वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून सुकू द्या. सुकल्यावरही कागदावर वडापावच्या पुडीसारखा पारदर्शक डाग राहिला तर ते तेल. डाग नाही, पण वाळू बुळबुळीत लागत होती, तर पॉलिइलेक्ट्रोलाइट जास्त पडतंय. दोन्हींचं चोकिंग वरून सारखंच दिसतं, उपाय मात्र निराळे. ही परीक्षा न करता वाळू बदलू नका.

बॅकवॉश खरोखर होतो का

इथे बहुतेकांची गल्लत होते. ६०० मिमी व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर. फिल्टर करताना तासाला १२ मीटर वेग धरला तर ३.४ घनमीटर पाणी लागतं, म्हणून ४ घनमीटरचा फीड पंप बसवलेला असतो. मग व्हॉल्व्ह फिरवून त्याच पंपाने बॅकवॉश घेतात. तेव्हा वेग मिळतो तासाला १४ मीटर. अर्धा ते एक मिलिमीटरची वाळू उचलून एकमेकांवर घासायला ३० ते ४० मीटर वेग हवा. १४ मीटरने वाळू जागची हलत नाही, वरचा मळ तेवढा निघतो, बॅकवॉशचं पाणी पाच मिनिटांत स्वच्छ दिसतं आणि ऑपरेटर समाधानाने व्हॉल्व्ह बंद करतो.

या फिल्टरला बॅकवॉशसाठी तासाला १० घनमीटरचा वेगळा पंप पाहिजे. दहा मिनिटांच्या बॅकवॉशला साधारण १७०० लिटर पाणी लागतं, तेवढा साठा ट्रीटेड वॉटर टँकमध्ये असायला हवा. कच्च्या पाण्याने बॅकवॉश घेणं म्हणजे वाळूला खालूनही तेल पाजणं. ब्लोअर असेल तर आधी वाळूच्या वर वीतभर राहील इतकं पाणी उतरवून तीन ते पाच मिनिटं एअर स्कावर द्या (खालून हवा सोडून वाळू घुसळा), मग पाणी. वाळूच्या थराच्या निम्म्याइतकी मोकळी जागा वर नसेल तर वाळू बॅकवॉशबरोबर बाहेर जाईल. ड्रेन पाइपच्या तोंडाशी बादली धरून तळाला वाळू येते का, ते पहिल्या वेळी बघाच.

तेल इतकं बारीक कुठे होतं

मशिन शॉपमध्ये पहिला संशय कुलंटवर (कटिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवावर) घ्या. सोल्युबल ऑइल मुद्दाम पाण्यात मिसळून राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. ५ टक्के मिश्रण असेल तर मशिनच्या २०० लिटरच्या एका संपमध्ये (कुलंटच्या टाकीत) दहा लिटर तेल आहे, म्हणजे सुमारे ९ किलो. शनिवारी मशिनं साफ करताना तो एक संप चेंबरमध्ये ओतला, तर २० हजार लिटर पाण्यात प्रति लिटर ४५० मिलिग्रॅम तेल झालं. आणि हे सगळं फिल्टरमधल्या जेमतेम ३०० किलो वाळूकडे निघालं. सोमवारी-मंगळवारी फिल्टर चोक होत असेल तर आधी शनिवारचं काम विचारा. वापरलेलं कुलंट वेगळ्या ड्रममध्ये काढणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तरी तोच सर्वांत शेवटी केला जातो.

दुसरं कारण फरशी धुण्याचं डिटर्जंट आणि डिग्रीझर. तेलकट फरशीवर पावडर टाकून पाइप मारला की मोकळं तेल इमल्शन होऊन चेंबरमध्ये येतं. आधी लाकडाचा भुसा टाकून तेल टिपून घ्या, तो भुसा वेगळा काढा, मगच पाणी.

तिसरं, पंप. कलेक्शन टँकमधून २८८० आरपीएमचा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी उचलतो, फ्लो कमी करायला डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा दाबलेला असतो. इम्पेलरमध्ये एकदा आणि व्हॉल्व्हच्या फटीत दुसऱ्यांदा तेल घुसळलं जातं. ऑइल ट्रॅपच्या आधी पंप नकोच, पाणी उताराने ट्रॅपमध्ये आलं पाहिजे. उतार मिळत नसेल तर स्क्रू पंप किंवा हवेवरचा डायफ्रॅम पंप लावा आणि त्याचा वेग कमी ठेवा. बरणीची परीक्षा पंपाच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यावर शेजारी शेजारी करा, फरक डोळ्यांना दिसतो.

इक्वलायझेशन टँकमधल्या (येणारं पाणी साठवून एकसारखं करणाऱ्या टाकीतल्या) हवेचंही तसंच. तेल काढायच्या आधी डिफ्यूझरने हवा मारली की ताक घुसळल्यासारखं होतं. ट्रॅप आधी, हवा नंतर.

कँटीनचं पाणी ईटीपीत येत असेल तर त्याला स्वतंत्र ग्रीस ट्रॅप हवा. भांडी गरम पाण्याने धुतात, वनस्पती तुपाचा वितळबिंदू ३१ ते ४१ अंश, त्यामुळे ते ट्रॅपमधून पातळ अवस्थेतच निघून जातं आणि पुढे पाइपात, वाळूत थिजतं. पाणी ट्रॅपला पोचेपर्यंत निवायला हवं. सिंकजवळच्या छोट्या पेटीने ते होत नाही.

इमल्शन फोडणं

बारीक थेंबांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटी किंवा पीएसी (पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड) त्या भाराला मारते आणि थेंब फ्लॉकमध्ये गुंततात. डोस अंदाजाने घालू नका, जार टेस्ट करा. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावाचे १० मिली एक लिटर नमुन्यात टाकले की डोस झाला १०० मिलिग्रॅम. सहा बीकर घेऊन १०० ते ६०० पर्यंत वाढवत न्या. एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा मिनिटं हळू, मग अर्धा तास थांबा. ज्या सगळ्यांत कमी डोसला मधलं पाणी आरपार दिसतं, तो तुमचा डोस. समजा ४०० निघाला, तर रोजच्या २० हजार लिटरला ८ किलो तुरटी.

तुरटी पीएच खाली ओढते. ४०० मिलिग्रॅम तुरटी जवळपास २०० मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळण्याची ताकद) खाते. पाण्यात तेवढी नसेल तर तुरटीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा चुना लागेल. पीएच ६ ते ७ च्या बाहेर गेला की फ्लॉक बनत नाही, आणि ऑपरेटर डोस अजून वाढवतो. त्याने पीएच आणखी घसरतो. या चक्रात सापडलेल्या प्लांटमध्ये तुरटी कमी केल्यावर पाणी सुधारलेलं दिसतं. डोसिंगच्या जागी पीएच पेपर कायम लटकलेला हवा.

त्यानंतर अॅनायॉनिक पॉली, १ ते २ मिलिग्रॅम, त्याहून जास्त नाही. पावडर पाण्यात चिमूटचिमूट भुरभुरवत टाका आणि तासभर हळू ढवळा. एकदम ओतली तर माशाच्या डोळ्यांसारखे गोळे होतात, ते पुढे जाऊन वाळूवरच बसतात.

तेल धरलेला फ्लॉक हलका असतो, खाली बसायला कुरकुरतो. जागा कमी असलेल्या गाळ्यात सेटलरपेक्षा डीएएफ (बारीक बुडबुड्यांनी फ्लॉक वर तरंगवणारी टाकी) यासाठीच बरा. त्याच्या सॅच्युरेटरला (पाण्यात दाबाने हवा विरघळवणाऱ्या टाकीला) ४ ते ५ किलो प्रेशर हवं. त्यातून सुटणारं बुडबुड्यांचं पाणी, म्हणजे व्हाइट वॉटर, नावाप्रमाणे दुधासारखं दिसलं पाहिजे. सोड्यासारखे मोठे बुडबुडे फुटताना दिसले तर प्रेशर पडलंय किंवा रिलीज व्हॉल्व्ह झिजलाय. ते बुडबुडे फ्लॉक वर न्यायच्या ऐवजी तोडतात.

वेगळं साठवलेलं दुधाळ कुलंट प्लांटवरच संपवायचं असेल तर अॅसिड क्रॅकिंग, म्हणजे अॅसिडने इमल्शन फोडणं. एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) टाकीत, ढवळत, सल्फ्युरिक अॅसिड सावकाश सोडून पीएच २ ते ३ वर आणा, रात्रभर ठेवा, खालचं पाणी काढून चुन्याने ७ वर आणा आणि थोडं थोडं करून ईटीपीत सोडा. इथे दोन गोष्टी जिवाशी गाठ आहेत. जुनं, वास मारणारं कुलंट अॅसिड लागताच हायड्रोजन सल्फाइड सोडू शकतं, म्हणून हे काम उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, गॉगल आणि हातमोजे घालूनच. आणि त्याच लायनीत सायनाइड प्लेटिंगचं पाणी येत असेल तर अॅसिड अजिबात टाकायचं नाही, त्यातून निघणारा वायू माणूस मारतो. शेजारच्या गाळ्याचं ड्रेन तुमच्या चेंबरला जोडलेलं नाही ना, हे आधी बघा. काही सिंथेटिक आणि सेमी-सिंथेटिक कुलंट अॅसिडने फुटतच नाहीत. एका बाटलीत करून बघा. नाही फुटलं तर ते अधिकृत रिसायकलरकडे द्यावं, पीएसएफवर प्रयोग करू नयेत.

तेलकट वाळू धुणं

मुळातलं तेल थांबल्यावरच हे करा, आधी केलं तर पैसे वाया. एक ते दोन टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण वाळू बुडेल इतकं भरा, चार ते सहा तास ठेवा, अधूनमधून हवा मारा, मग पूर्ण वेगाचा बॅकवॉश. एमएसचं (लोखंडी) व्हेसल असेल आणि आतलं लायनिंग सोसणारं असेल तर ५० अंशांचं पाणी वापरलं की काम पटकन होतं. एफआरपीला (फायबरच्या व्हेसलला) गरम पाणी नको. डिटर्जंट टाकायचा मोह आवरा, कारण त्याने निघालेलं तेल पक्कं इमल्शन होऊन कलेक्शन टँकमधून परत याच वाळूवर येतं. धुण्याचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये घेऊन क्रॅक करा. दोनदा धुऊनही मुठीचा लाडू वळत असेल तर वाळू काढा. या आकाराच्या फिल्टरला ७०० मिमी थरासाठी साधारण ३०० किलो लागेल.

कार्बनला तेल लागलं की तो धुतला जात नाही, छिद्रांची तोंडंच बंद होतात. पीएसएफच्या आउटलेटला तेल २० च्या आसपास येऊन थांबत असेल तर कार्बनच्या आधी ऑर्गॅनोक्लेचा (तेल धरणाऱ्या खास मातीचा) एक व्हेसल उपयोगी पडतो. ही क्ले स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल धरते. २० मिलिग्रॅमने दिवसाला ४०० ग्रॅम तेल येतं, म्हणजे १०० किलो क्ले चार महिने पुरते. पण तेच पाणी १०० मिलिग्रॅमचं आलं तर पंचवीस दिवसांत संपते. फिनिशिंगला ती चांगली, मुख्य कामाला परवडत नाही. पॉलीप्रॉपिलिनच्या कोअॅलेसर (बारीक थेंब एकत्र आणणाऱ्या) कार्ट्रिज मोकळ्या तेलाला छान, साबणाच्या पाण्यात मात्र निकामी, कारण साबण थेंबांना एकत्र येऊच देत नाही. अक्रोडाच्या टरफलांचे फिल्टर रिफायनरीसारख्या मोठ्या प्रवाहाला शोभतात. यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, अतिबारीक छिद्रांचा मेम्ब्रेन) इमल्शनवर खरंच चालतो, पण ट्युब्युलर किंवा सिरॅमिक घ्या. होलो फायबरवर मोकळं तेल गेलं तर मेम्ब्रेन पहिल्याच पावसाळ्यात जातो.

पावसाळा

जून ते सप्टेंबरमध्येच त्रास वाढत असेल तर छताचं आणि अंगणाचं पाणी कुठे जातं ते बघा. २०० चौरस मीटर उघड्या जागेवर १०० मिमी पाऊस म्हणजे २० हजार लिटर, तुमच्या प्लांटची पूर्ण दिवसाची क्षमता. जुलैत सांताक्रूझला एका दिवसात एवढा पडणं नवलाचं नाही. ट्रॅपमध्ये पाणी थांबण्याचा वेळ निम्मा होतो, साठलेला थर उचलला जाऊन पुढे जातो. ट्रॅपवर बांध घाला, पावसाची लाइन वेगळी करा आणि मे महिन्यात ट्रॅप पूर्ण रिकामा करून ठेवा. ट्रॅपमध्ये माणूस उतरवायचा नाही, वरूनच उपसायचं. ओव्हरफ्लो झालेलं पाणी मरोळ-साकीनाक्याच्या नाल्यांतून मिठीत आणि मिठीतून माहीमच्या खाडीत जातं. एक लिटर तेल एक मायक्रॉन जाडीने पसरलं तर हजार चौरस मीटर पाणी झाकतं. खाडीतल्या तिवरांच्या मुळांना श्वास घ्यायचा असतो.

रिपोर्ट चुकीचा असू शकतो

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सामान्य मानकांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला १० आणि सार्वजनिक मलनिस्सारण वाहिनीला २० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा आहे. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) लिहिलेला आकडा तुम्हाला लागू, तो उघडून वाचा.

नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घ्या. प्लास्टिकला तेल चिकटतं. बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळू नका आणि काठोकाठ भरू नका. जागेवरच अॅसिड टाकून पीएच २ च्या खाली आणा, बर्फात पाठवा. लॅबने अख्खी बाटली वापरून ती सॉल्व्हंटने धुऊन घेतली पाहिजे, त्यातून अर्धा लिटर ओतून घेतला की आकडा बिघडला. टाकीच्या पृष्ठभागावरून बुडवून घेतलेला नमुना जास्त दाखवतो, म्हणून वाहत्या आउटलेटखाली धरा. ग्रीस लावलेल्या व्हॉल्व्हमधून घेऊ नका. ही चाचणी सॉल्व्हंटमध्ये उतरणारं सगळंच मोजते, त्यामुळे साबणाची फॅटी अॅसिडं आणि सिलिकॉनचं डिफोमरही (फेस मारायचं केमिकल) तेल म्हणूनच येतं. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि रिपोर्ट १६, असं असेल तर डिफोमरचा कॅन शोधा.

काढलेलं तेल

ट्रॅपवरचं तेल, क्रॅकिंगचा थर, तेलकट वाळू, संपलेली क्ले आणि फ्लॉकचा गाळ, हे सगळं घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं. भंगारवाल्याला किंवा पालिकेच्या कचरागाडीत द्यायचं नाही. बंद झाकणाचे ड्रम, खाली गळती धरणारा ट्रे, लेबलवर भरायला सुरुवात केल्याची तारीख, आणि ९० दिवसांच्या आत मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याच्या कागदासह) रवानगी: वापरलेलं तेल अधिकृत रिसायकलरकडे, गाळ आणि वाळू तळोज्याच्या सामायिक प्रकल्पाकडे. ड्रम पावसात उघडे ठेवले तर त्यातलं तेल तरंगून काठावरून सांडतं, आणि अंगणातून पुन्हा तुमच्याच कलेक्शन टँकमध्ये येतं.